ओसरी बंद करताय? आधी या चुका वाचा

आमच्या घराला पाच फुटांची ओसरी होती. एक खोली वाढेल म्हणून आम्ही ती विटांनी बंद केली आणि पश्चिमेला सरकत्या काचा लावल्या. खोली वाढली खरी, पण पहिल्याच मे महिन्यात दुपारी तीननंतर तिथे कोणी बसेना. शेजारच्या काकू रोज दोन मिनिटं टेकायच्या, त्या आता फाटकातूनच बोलू लागल्या. "बसा की काकू," म्हटलं तर, "नको गं, आत यायचं म्हणजे चपला काढा, पाय धुवा. भाजी टाकलीय गॅसवर."

पश्चिमेची काच

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य सोलापूरच्या बरोबर डोक्यावर असतो, तेव्हा छज्जा आपलं काम चोख करतो. पण साडेचारला सूर्य पश्चिमेला, क्षितिजापासून जेमतेम 31 अंशांवर उतरलेला असतो. त्या वेळी 2 फुटी छज्ज्याची सावली भिंतीवर फक्त सव्वा फूट पडते, खालची सगळी काच उन्हात. मग आपण आतून जाड पडदा लावतो. तो पडदा काचेच्या आत तापतो आणि उष्णता घरातच सोडतो. ऊन अडवायचं तर काचेच्या बाहेर अडवा: बांबूची चीक (गुंडाळून वर घेता येणारा पडदा), हिरवी जाळी, नाहीतर तारेवर चढवलेली मधुमालती. जाळी काचेला चिकटवू नका, मध्ये वीतभर हवा खेळू द्या.

पुढे नुसता पत्रा टाकणं हाही उपाय नाही. तापलेला पत्रा खालच्या माणसाला भाजतो. टाकलाच असेल तर त्याखाली बांबूची तट्टी बांधा, दोन्हींत फट ठेवून.

"एवढी जागा वाया कशाला?"

नकाशा काढताना हा प्रश्न येतोच, आणि ओसरी तीन फुटांवर येते. तीन फुटांत चालता येतं, बसता येत नाही. माझं माप सोपं आहे: बाज टाकून बाजूने माणूस जायला हवा. म्हणजे पाच-सहा फूट. कट्टा 16 ते 18 इंच उंच आणि निदान 15 इंच रुंद ठेवा, नाहीतर त्यावर माणसांऐवजी कुंड्या बसतात.

या जागेचं काम कळायचं असेल तर विडी वळणाऱ्या बायका कुठे बसतात ते बघा. मांडीवर सूप, त्यात कातरलेली तेंदूची पानं आणि तंबाखू, पाठ भिंतीला, तोंड रस्त्याकडे. ऊन अंगावर नाही, पण पान नीट दिसेल एवढा उजेड आहे. रस्त्यावरचं पोर नजरेत, आतला कुकर कानात. सोलापूरच्या पूर्व भागात पुढच्या खोलीत यंत्रमाग आणि मागे संसार अशी घरं आहेत. तिथे मागाच्या खडखडाटातून सुटून दोन शब्द बोलायला ओटाच. तो फोडून गाडीसाठी उतार केला, की माणसं गाडीला टेकून उभी राहतात. उतार हवाच असेल तर अर्ध्या रुंदीत करा, उरलेला ओटा राहू द्या.

दार उघडलं की सोफा

फ्लॅटमधली नेहमीची तक्रार: कुरिअरवाल्यालाही आख्खा हॉल दिसतो. जुन्या वाड्यांत मुख्य दाराला लागून देवडी होती, चौकात पोचेपर्यंत आतल्या माणसाला पदर सावरायला वेळ मिळायचा. फ्लॅटमध्ये चार बाय तीनचा तुकडाही पुरतो. त्याची फरशी वेगळी करा, चपलांचं कपाट बसता येईल असं घ्या, सोफ्याच्या बाजूला लाकडी जाळी उभी करा. दिवा मात्र मंद.

ओसरीला चकचकीत टाइल नको, पहिल्या पावसात घसरायला होतं. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातली शहाबादी बरी. उतार बाहेरच्या बाजूला, एवढं गवंड्याला दोनदा सांगा.

आधीच बंद केली असेल तर

सगळं पाडायची गरज नाही. आम्ही काचा काढल्या, विटा कट्ट्याच्या उंचीपर्यंत ठेवून वर शहाबादी बसवली. खोलीतलं कपाट आत हलवताना घरात महिनाभर धुसफूस झाली, तेवढी धरून चाला. काकू आता भाजी निवडायलाच येतात. जोराच्या पावसात पश्चिमेकडून झड आत येते, तेव्हा चीक सोडावी लागते. तिची दोरी यंदा उंदरांनी कुरतडलीय, ती बदलायची आहे.