भूस्थिर उपग्रहाची उंची काढताना दिवस कुठला घ्यायचा?

भूस्थिर उपग्रह म्हणजे पृथ्वीच्या गिरकीबरोबर फिरून आकाशात एकाच जागी दिसणारा. केप्लरचा तिसरा नियम तुम्हाला येतो असं धरून चालते. आवर्तकालाचा (एका फेरीला लागणाऱ्या वेळेचा) वर्ग गुणिले जीएम (गुरुत्व स्थिरांक G गुणिले पृथ्वीचं वस्तुमान M), भागिले चार पाय वर्ग (४π²), की कक्षेच्या त्रिज्येचा घन मिळतो. त्यातून पृथ्वीची त्रिज्या ६,३७८ किमी वजा केली की उंची. सूत्रात कुणी अडत नाही. अडतात ते आवर्तकालात.

पाटणहून साताऱ्याला अकरावीला आले तेव्हा क्लासमध्ये एवढंच सांगितलं गेलं, "३६ हजार पाठ करा, मार्क कुठे जात नाही." पण पुस्तकात ३५,७८६ किमी आणि २४ तास घेऊन माझं उत्तर ३५,८६३. ७७ किमी गेले कुठे? आकडेमोड पुन्हा पुन्हा तपासली, ती बरोबरच होती. मेसच्या जेवणावरही मन लागायचं नाही. आपल्यालाच फिजिक्स झेपत नाही, असं वाटायला लागलं होतं. तुम्हालाही तसं वाटत असेल तर थांबा. डोकं ठीक आहे, दिवस चुकीचा घेतलाय.

२४ तास म्हणजे सूर्य डोक्यावरून पुन्हा डोक्यावर यायला लागणारा वेळ. तेवढ्यात पृथ्वी सूर्याभोवतीही साधारण एक अंश पुढे सरकते, म्हणून सूर्य पुन्हा समोर यायला तिला ३६० ऐवजी जवळजवळ ३६१ अंश फिरावं लागतं. नुसती एक गिरकी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत, म्हणजे ८६,१६४ सेकंदांत पुरी होते. उपग्रहाला गाठायचीय ती ही गिरकी, सूर्य नव्हे. हे डोळ्यांनी बघता येतं. हिवाळ्यात गच्चीवर एकाच जागी उभं राहून मृगातले तीन तारे शेजारच्या पाण्याच्या टाकीच्या कडेला कधी येतात ते घड्याळात बघा. दुसऱ्या दिवशी ते चार मिनिटं आधी आलेले असतात. महिन्यात दोन तासांचा फरक पडतो. मला हे पटलं ते गच्चीवर, वहीत नाही.

७७ किमी किरकोळ समजू नका. उपग्रह खरोखर २४ तासांच्या कक्षेत ठेवला, तर तो रोज जवळजवळ एक अंश पश्चिमेला मागे पडेल. साताऱ्यातल्या फ्री डिशच्या छत्र्या आग्नेयेकडे तोंड करून वर्षानुवर्षं तशाच राहतात, कारण ९३.५ अंश पूर्व रेखांशावरचा त्यांचा उपग्रह, जीसॅट-१५, तिथून हलत नाही.

परीक्षेत मात्र हट्ट करू नका. गणितात २४ तास दिले असतील तर २४ तासच घ्या, आणि गुरुत्वत्वरण (लहान g) व पृथ्वीची त्रिज्या दिली असेल तर जीएमच्या जागी लहान g गुणिले त्रिज्येचा वर्ग. ९.८ आणि ६,४०० किमी घेतले की ३५,९४० च्या आसपास येतं, तेही त्या गणिताचं बरोबर उत्तर आहे.

बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, म्हणून घनमूळ लॉग टेबलने काढावं लागतं. ८६,१६४ सेकंद घेतले की मीटरमध्ये घन येतो ७.४९६ गुणिले १० चा २२ वा घात. २२ ला तीनने भाग जात नाही. तो ७४.९६ गुणिले १० चा २१ वा घात असा लिहून घ्या, मग घनमूळ ४.२१६ गुणिले १० चा ७ वा घात, म्हणजे कक्षेची त्रिज्या ४२,१६० किमी. पूर्ण आकडा ४२,१६४, पण चार अंकी टेबल एवढंच देतं.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. "कक्षेची त्रिज्या पृथ्वीच्या त्रिज्येच्या ६.६ पट" हे उत्तर ताडून बघायला उत्तम, काढायला वाईट. शिकवणाराही असा शोधा, जो तुमच्या वहीतली ओळ न् ओळ वाचेल. फळ्यावर भराभर उत्तर लिहून पुढे जाणारा कितीही हुशार असला तरी तुमच्या कामाचा नाही.

आणखी एक. भूसमकालिक, म्हणजे पृथ्वीच्या गिरकीएवढाच आवर्तकाल असलेला, प्रत्येक उपग्रह भूस्थिर नसतो. नाविक या आपल्या दिशादर्शन प्रणालीतले काही उपग्रह याच उंचीवर, पण विषुववृत्ताला कललेल्या कक्षेत आहेत, ते आकाशात इंग्रजी आठच्या (8) आकड्यासारखे फिरताना दिसतील. उंचीच्या सूत्रात कल कुठेच येत नाही.

हे जमलं की मंगळावर करून बघा. त्याची गिरकी ८८,६४२ सेकंदांची, जीएम ४.२८३ गुणिले १० चा १३ वा घात, त्रिज्या ३,३९६ किमी. उंची १७ हजार किमीच्या किंचित वर यायला हवी.