भूतप्रेमकथा लिहिताय? या चुका टाळा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या वाचनकट्ट्यावर भूतप्रेमकथा हमखास येतात. पहिली दोन पानं झकास असतात. पुढे मात्र कथा घाईघाईने उरकलेली असते, आणि ऐकणाऱ्यांचा हिरमोड होतो. मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण कल्पना बहुतेक वेळा चांगली असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे भुताला नियमच नसणं. आधी तो भिंतीतून आरपार जातो आणि चार पानांनी नायिकेचे अश्रू पुसतो! तो कशाला स्पर्श करू शकतो, कुठे जाऊ शकत नाही, कोणाला दिसतो, हे लिहायला बसण्याआधी ठरवा. नियम बाहेरून आणायचीही गरज नाही. पहिली बायको वारली की दुसरीच्या गळ्यात सवतीचा टाक, म्हणजे गेलेलीच्या नावाची धातूची छोटी प्रतिमा, घालायची चाल आपल्याकडे होतीच. गेलेलीचा त्रास होऊ नये म्हणून तिला मान द्यायचा, ही त्यामागची समजूत. आता बघा, नवी नवरी अंघोळीच्या वेळी टाक काढून कोनाड्यात ठेवते, आणि बाहेर आल्यावर नवऱ्याच्या अंगाला तिने कधीच न लावलेल्या अत्तराचा वास येतो. टाक घालावा तर सवत दूर राहते, पण नवऱ्याची उदासी तशीच. काढावा तर तो हसतो, पण कोणाकडे बघून? प्रेम, मत्सर, भीती, सगळं त्या एका नियमातून येतं.

दुसरी चूक जागेची. ग्वाल्हेर किल्ल्यावरचा गूजरी महाल आला की ‘प्राचीन, गूढ वास्तू’ एवढ्यावर भागवतात. अहो, राजा मानसिंह तोमरने (कारकीर्द १४८६ ते १५१६) राणी मृगनयनीसाठी बांधलेला तो महाल आहे! दंतकथेत ती लग्नाआधी अट घालते, माझ्या राई गावच्या नदीचं पाणी महालात आलं पाहिजे. प्रेमात अशी अट घालणारी बाई आपल्या कथांत का नसते? शिवाय तिथे आता पुरातत्त्व संग्रहालय आहे, संध्याकाळी बंद होतं. मध्यरात्री नायिका आत शिरली कशी? भेट दुपारीच घडवा, दगडी मूर्तींच्या ओळीत, पहारेकरी चार पावलांवर असताना. जास्त अंगावर येईल.

पूर्वजन्माचं नातं सांगून प्रेम उरकू नका. दोघांना निदान एकदा भांडू द्या.

कथा लिहून झाली असेल आणि फसल्यासारखी वाटत असेल, तर भुताच्या जागी पुण्याहून बदली होऊन आलेला एखादा मुलगा ठेवून वाचा. काहीच बिघडलं नाही, तर दुरुस्ती शेवटात नाही, मधल्या भागात करायची आहे. त्याच्या मेलेपणामुळे तिला काय सोडावं लागतं, तो प्रसंग तिथे राहून गेलाय. माहेर, नोकरी, ठरलेलं लग्न, जे असेल ते. तो आधी सविस्तर लिहा. मग ‘तो धुक्यात विरून गेला’ हे वाक्य खोडायला हात कचरणार नाही.