दुःखाची ओवी कशी बांधावी

जात्यावर बायकांनी सासुरवास गायला, तुटलेलं माहेर गायलं, गेलेलं लेकरू गायलं. गायलं म्हणून दळण हलकं झालं नाही. आणि नुसतं सोसल्यानं ओवी सुंदर होते, हेही खरं नाही. सोसलेलं मापात बसवावं लागतं.

आधी माप कानात मुरू द्या. दोन ओळी, प्रत्येक ओळीचे दोन तुकडे, मध्ये किंचित विसावा. एका तुकड्यात साधारण ७-८ अक्षरं आणि दोन्ही ओळींच्या शेवटी यमक. अक्षरं कमी पडली तर 'गं', 'बाई', 'सये' घाला, उरलेलं स्वर लांबवून भरतं. मात्र ही भरती फार झाली की ओवी पोकळ वाजते.

घरात जातं असेल तर त्यावरच बसा. मूठ-मूठ ज्वारी जात्याच्या तोंडात टाकत जायची, हीच वैरण. जास्त पडली की पीठ भरड येतं, रिकामं फिरवलं तर दगडाला दगड घासून पिठात कच उतरते. जातं नसेल तर खुंटा धरल्यासारखा हात गोल फिरवत म्हणा. तुकड्याच्या मध्येच दम तुटला तर एक शब्द जास्त आहे, तो काढा.

आता मजकूर. पहिल्या प्रयत्नात बहुतेकांचं असं होतं:

माझ्या जिवाला गं बाई, दुःख झालंया फार
आईच्या आठवणीनं, डोळ्यां लागली धार

माप बरोबर, यमकही आहे, तरी ऐकणारीला काहीच दिसत नाही. 'दुःख', 'आठवण', 'धार' हे तिन्ही शब्द खोडा आणि आई गेल्यावर घरात नेमकं काय उरलं ते बघा. एक वस्तू, एक माणूस, एक बोललेलं वाक्य, एवढं पुरतं:

आईच्या माघारी गं, लुगडं वळणीवरी
भावजय विचारीते, कधी जाणार घरी

लुगडं अजून उतरवलेलं नाही. भावजय वाईट बोललेली नाही, साधंच विचारते आहे. पण 'घरी' म्हणजे सासरी, आणि त्या एका शब्दात कळतं की हे घर आता आपलं राहिलं नाही. हा शब्द मुद्दाम शेवटी, यमकाच्या जागी ठेवला आहे, कारण तिथे स्वर थांबतो. तोच शब्द ओळीच्या मध्ये आला असता तर वाहून गेला असता.

स्वतःच्या नावानं बोलायची चोरी असेल तर सीतेच्या नावावर घाला. वनवासाच्या ओव्यांत कितीतरी जणींनी आपलंच सांगितलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह गावोगावी जमवलेल्या ओव्या लाखाहून अधिक आहेत. 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर त्यांतल्या अनेक ऐकायला मिळतात. त्या नुसत्या वाचू नका, ऐकाच. विसावा कागदावर दिसत नाही.

दुःख अगदी ताजं असेल तर ओवी बांधायचा हट्ट धरू नका. शब्द येतात, पण मापात राहत नाहीत, आणि तेव्हा ते तसंच असू द्यावं.

गाताना शक्यतो समोर दुसरी बाई हवी, त्याच खुंट्याला हात लावून बसलेली. तुमचा गळा दाटला तर वैरण घालायला वाका. तेवढ्यात ती तुमचीच ओळ पुन्हा उचलेल.