प्राचीन चिनी ग्रंथांमागचे सत्तेचे वैर कसे वाचावे

अमळनेरला आम्ही काही वाचक दर पंधरवड्याला एकत्र बसतो. तत्त्वज्ञान मंदिराच्या या गावात चिनी अभिजात ग्रंथ वाचायला घेतले, तेव्हा पहिले काही महिने आम्ही ते सुभाषितांसारखे वाचले आणि त्यातला निम्मा अर्थ हातून निसटला. हे ग्रंथ दरबारांच्या चढाओढीत रचले गेले, जपले गेले आणि कधी दडपलेही गेले, हे ध्यानात आल्यावर आम्ही जी रीत ठरवली ती इथे मांडतो.

वहीचे एक पान घ्यावे आणि त्यावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात घटनेचा काळ, दुसऱ्यात मजकूर रचला गेल्याचा काळ आणि तिसऱ्यात तो मजकूर राजसत्तेने प्रमाण मानला तो काळ लिहावा. टिपांसह असलेले इंग्रजी भाषांतर हाताशी असले, तर हे तीनही काळ बहुधा त्याच्या प्रस्तावनेतच सापडतात. प्रत्येक रकान्यापुढे ‘या वेळी सत्ता कोणाची आणि तिला आव्हान कोणाचे’ हा एकच प्रश्न लिहून ठेवावा.

सरावासाठी ‘वसंत आणि शरद’ हे लू राज्याचे इतिवृत्त सर्वांत उत्तम. इ.स.पू. ७२२ ते ४८१ या काळातल्या नोंदी त्यात आहेत आणि परंपरा त्यांचे संपादन कन्फ्यूशियसकडे देते. नोंदी इतक्या त्रोटक आहेत की भाष्याशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही, आणि खरी झुंज भाष्यांचीच झाली. पुढे चीनवर राज्य करणाऱ्या हान घराण्यातला सम्राट वू याच्या दरबारात गोंगयांग भाष्याचा मान होता. त्याचा पणतू सम्राट श्वान याने आपल्या आजोबांना गुलियांग भाष्य प्रिय होते असे ऐकले. हे आजोबा म्हणजे वूचा युवराज, जो इ.स.पू. ९१ मध्ये चेटकाच्या आरोपातून उसळलेल्या संघर्षात बळी पडला होता. इ.स.पू. ५१ मध्ये श्वानने पंडितांची सभा भरवली, वाद ऐकले आणि गुलियांगला राजमान्यता दिली. पुढे लिऊ शिन या ग्रंथपालाने त्झुओ भाष्याचा कैवार घेतला. इ.स. ९ मध्ये सिंहासन बळकावणाऱ्या वांग मांगने त्याला जवळ केले, आणि इ.स. २३ मध्ये वांग मांग पडल्यावर त्या भाष्याचे राजाश्रयाचे छत्रही गेले. ग्रंथ एकच, पण त्याचा अर्थ सांगण्याचा अधिकार प्रत्येक वेळी नव्या गटाकडे जात होता. म्हणूनच माझ्या मते तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे.

यानंतर शब्दांकडे वळावे. इ.स.पू. ६३२ च्या नोंदीत ‘स्वर्गीय राजाने हयांग येथे शिकार केली’ एवढेच वाक्य आहे. त्झुओ भाष्य सांगते की जिन राज्याच्या सरदार वन याने आपल्या सामर्थ्याच्या जोरावर खुद्द चौ राजाला, म्हणजे या सर्व राज्यांच्या नावापुरत्या अधिपतीला, बोलावून घेतले होते, आणि प्रजाजनाने राजाला बोलावणे हा पायंडा पडू नये म्हणून ‘शिकार’ असे लिहिले गेले. आपल्याकडे जुना फेरफार उतारा वाचणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. ‘आपसात समजुतीने वाटणी’ अशी नोंद असते आणि ते भाऊ पुढे एकमेकांच्या बांधावरही पाय ठेवत नाहीत, हे गावाला ठाऊक असते. मजकुरात जिथे शब्द अवाजवी सौम्य वाटेल, तिथे पेन्सिलने खूण करावी आणि कोणाचा मान राखला गेला ते शोधावे.

ग्रंथ करवून घेणारा धनीही पाहावा. ल्यू बुवेई हा मूळचा व्यापारी छिन राज्याचा महामंत्री झाला. इतर राज्यांतले सरदार हजारो आश्रित बाळगतात आणि बलाढ्य छिन त्यात मागे आहे, याची त्याला लाज वाटली, असे इतिहासकार सिमा छियान सांगतो. त्याने विद्वान जमवून इ.स.पू. २३९ च्या सुमारास ग्रंथ सिद्ध करवला, तो शीआनयांगच्या बाजारवेशीवर मांडला आणि एक अक्षर वाढवून वा घटवून दाखवणाऱ्याला हजार सुवर्ण देऊ केले. त्या वेळी छिनचा राजा तरुण होता आणि सत्ता हाती घेण्याच्या बेतात होता. तोच पुढे पहिला सम्राट झाला. इ.स.पू. २३५ मध्ये ल्यूला विष घेऊन जीवन संपवावे लागले. हान काळात हुआयनानचा राजा लिऊ आन याने इ.स.पू. १३९ मध्ये तरुण सम्राट वूला २१ प्रकरणांचा ग्रंथ अर्पण केला, ज्यात राजाने स्वतः कारभारात हात घालण्यापेक्षा इतरांच्या गुणांवर विसंबावे असे सांगितले आहे. मांडलिक राजाने केंद्राला दिलेला हा सल्ला कोणाच्या सोयीचा होता, हे उघड आहे. इ.स.पू. १२२ मध्ये बंडाचा आरोप आल्यावर त्यानेही आत्महत्या केली.

मात्र सगळाच मजकूर विकाऊ ठरवण्याची घाई करू नये. इ.स.पू. ५४८ मध्ये छी राज्यात त्स्वेई झू या मंत्र्याच्या हातून राजा मारला गेला. ‘त्स्वेई झूने आपल्या राजाचा वध केला’ असे दरबारी इतिहासलेखकाने लिहिले आणि तो प्राणाला मुकला. त्याच्या दोन भावांनी तेच लिहिले आणि तेही मारले गेले. आणखी एका भावाने पुन्हा तेच लिहिले, तेव्हा त्याला सोडून दिले. सगळे मेले असे ऐकून दुसरा एक लेखक बांबूच्या पट्ट्या घेऊन निघालाही होता. मला ही हकीकत मोठ्याने वाचताना दर वेळी थांबावे लागते. पण ती त्झुओ भाष्यातूनच येते, म्हणजे लेखकांच्या धैर्याची ही साक्ष लेखकांनीच नोंदवलेली आहे; तिच्यासाठीही वहीत नवे पान उघडावे आणि तीनही रकाने भरावेत.