कुत्र्याआधी स्वतःचा स्वभाव बघा

फोटो बघून बीगल घेऊ नका. तो वास काढणारा शिकारी; नाक जमिनीला लागलं की तुमची हाक ऐकतच नाही, आणि घरी एकटा राहिला की लांब सूर लावतो. फ्लॅटमध्ये शेजारी वैतागतात. माणसांत रमणारा, शिकवलेलं पटकन उचलणारा हवा असेल तर लॅब्रॅडोर बरा. पण रोज तासभर चालवणं आणि मोजून खायला घालणं जमत असेल तरच, नाहीतर वजन वाढून सांधे दुखतात. अलिप्त, शांत सोबती आवडतो? मग कारवान, म्हणजे नजरेने शिकार हेरणारा आपला देशी कुत्रा. मात्र पळती मांजर दिसली की तो सुसाट सुटतो, म्हणून रस्त्यावर पट्टा सोडू नका. पिल्लाची आई जरूर बघा: पिल्लांपासून दूर असतानाही ती बिचकत असेल, तर ते पिल्लू घेऊ नका.