उशीर दारातच होतो
रोज ऑफिसला दहा मिनिटं उशीर होत असेल, तर सकाळचा गजर आणखी अलीकडे ओढू नका. आधी तीन दिवस फक्त दोन वेळा टिपून ठेवा: 'चला, निघालो' म्हणालात ती आणि दाराला खरंच कुलूप लागलं ती. माझा फरक निघाला १४ मिनिटं! मोजे, चार्जर, पाण्याची बाटली, सापडत नसलेल्या किल्ल्या, मग गॅस बंद केलाय ना ते बघायला परत आत.

१. पोहोचायच्या वेळेपासून उलटं मोजून कुलपाची वेळ ठरवा. तुमचा जो फरक निघेल, तेवढी मिनिटं आधी दुसरा गजर लावा.
२. बॅग, किल्ल्या रात्रीच दाराशी.

घड्याळ मात्र पुढे करून ठेवू नका. दोन दिवसांत आपण ती मिनिटं मनातल्या मनात वजा करायला लागतो.