'द कंट्री गर्ल' बघायचाय? मग असा बघा

आधीच सांगते, नावावर जाऊ नका. पिक्चरमध्ये ना शेत ना गोठा, सगळं न्यूयॉर्क आणि बॉस्टनमधलं, नाटकाचं थिएटर, मेकअप रूम, तालमी आणि एका नवरा-बायकोची कळकट खोली. 1954 चा आहे, ब्लॅक अँड व्हाइट, पावणेदोन तासांच्या आत संपतो. शोधताना वर्ष नक्की टाका, कारण याच नावाचं भलतंच बरंच काही सापडतं. डायरेक्टर जॉर्ज सीटन.

गोष्ट एवढीच माहीत असू द्या. फ्रँक एल्जिन नावाचा एकेकाळचा गाजलेला गायक-नट, आता दारूने आणि धास्तीने पार खचलेला. बर्नी डॉड नावाच्या तरण्याबांड डायरेक्टरला तोच हवाय नव्या म्युझिकलमध्ये, म्हणजे गाण्या-नाचाच्या नाटकात, हीरो म्हणून, निर्माता मात्र नाक मुरडतोय. आणि फ्रँकची बायको जॉर्जी, जी बर्नीला पहिल्या भेटीपासून खटकते. बास, याच्यापुढे कुठे काही वाचू नका, खरंच नका, विकिपीडियावर तर अजिबात नको, सगळी मजा तिथेच जाते.

तयारी म्हणाल तर एकच करा, आदल्या दिवशी हिचकॉकचा 'रिअर विंडो' बघा, निदान ग्रेस केलीची एन्ट्री तरी. तोही 1954 चाच. त्यात ती अशी काही नटूनथटून येते की बघत राहावं. आणि दुसऱ्या दिवशी इथे तीच बाई जॉर्जी झालेली, ढगळ स्वेटर, चष्मा, थकलेला चेहरा, सिंकपाशी उभी. गंमत म्हणजे दोन्ही पिक्चरचे कपडे ईडिथ हेडनेच केलेत. केली तेव्हा जेमतेम 24 ची होती आणि पिक्चरमध्ये तिचा नवरा फ्रँक झालेला बिंग क्रॉस्बी पन्नाशीचा, हे वयाचं अंतर मला आधी खुपलं होतं पण दहा-पंधरा मिनिटांत विसरायला होतं.

सबटायटल्स लावाच. मूळ हे क्लिफर्ड ओडेट्सचं 1950 चं ब्रॉडवेवरचं, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या थिएटरांतलं नाटक, म्हणजे माणसं भरपूर बोलतात आणि विल्यम होल्डन, जो बर्नी झालाय, तो भांडताना असा तडातडा बोलतो की अर्धं निसटतं. आणि मोबाईलवर नको हो. यात मारामारी नाही, पळापळ नाही, जे काय आहे ते चेहऱ्यावर आहे.

आता पहिल्यांदा बघताना काय करायचं, तर बर्नीच्या बाजूने बघायचं. सोपं आहे, पिक्चर तुम्हाला आपोआप तिकडेच ढकलतो. तो तडफदार आहे, फ्रँकवर त्याचा विश्वास आहे, आणि ही बाई सारखी मधेमधे करते, पैशाचं काय, सोयीचं काय, त्याला झोप मिळत नाही त्याचं काय. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा आई शेजारी भाजी निवडत बसली होती. मी म्हटलं काय कटकटी बाई आहे. आई वर न बघता म्हणाली, "नवरा काय करतो ते बघ आधी." मला तेव्हा कळलंच नाही.

बघून झाला असेल तरच पुढे वाचा. नसेल तर इथेच थांबा, मी सांगून ठेवलंय.

तर दुसऱ्यांदा बघताना, आणि दुसऱ्यांदा बघायचाच आहे, फक्त फ्रँकचं तोंड कधी कुणासमोर कसं होतं ते बघा. खोलीत बायकोसमोर रडगाणं, मला हे जमणार नाही, हे लोक मला असं वागवतात, तसं वागवतात. ती बिचारी जाऊन बर्नीशी भांडते. आणि तेवढ्यात हा येतो, हसत, सगळं उत्तम चाललंय म्हणत. म्हणजे गोड हा, वाईटपणा सगळा तिने घ्यायचा. गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ना, तो हा माणूस. स्टेजवर परत उभं राहायची त्याला धडकी भरते पण घरात त्याचा अभिनय कधीच बंद पडलेला नाही.

आणि मग ती थाप. बर्नीला तो सांगतो की पोरगं गेल्यापासून जॉर्जी दारू पिते, जीव द्यायला बघते, म्हणून मी असा झालो. प्रत्यक्षात सगळं उलट, दारू याची, जीव द्यायला निघालेला हाच. पहिल्या वेळी हा सीन बघताना आपल्याला त्याची कीव येते. दुसऱ्या वेळी तोच सीन लावा, एक अक्षर बदललेलं नसतं आणि अंगावर काटा येतो. इथे पॉज करा आणि क्रॉस्बीकडे नीट बघा, कारण हा अमेरिकेचा लाडका गोड गळ्याचा हीरो, ज्याला 1944 च्या 'गोइंग माय वे' मधल्या हसऱ्या पाद्र्यासाठी ऑस्कर मिळालं होतं. लोकांना तो आवडतो, आपल्याला तो आवडतो, आणि सीटनने नेमकं त्याच आवडण्याचं हत्यार करून आपल्याला फसवलंय. मूळ नाटकातला फ्रँक गायक नाहीये, क्रॉस्बी घेतल्यावर म्युझिकलचा भाग आला. गाणी हॅरोल्ड आर्लन आणि आयरा गर्श्विनची आहेत. खरं सांगायचं तर गाणी ठीकठाक, स्टेजवरचा तो नाचगाण्याचा भाग मी पुढे ढकलते, तुम्हीही ढकललात तर काही पाप नाही.

एक गाणं मात्र सोडू नका, रेकॉर्डिंगच्या आठवणीचं. त्यानंतर फ्रँक पोराला घेऊन बाहेर पडतो, फोटोवाला फोटो मागतो, हा पोझ द्यायला पोराचा हात सोडतो. क्षणभर. पोरगं रस्त्यावर जातं आणि गाडीखाली येतं. हात सुटण्याकडे लक्ष ठेवा, कारण पुढे अख्ख्या पिक्चरभर तो बायकोचा हात घट्ट धरून बसलाय, तिला सुटू देत नाही आणि वर दोष तिलाच.

बॉस्टनचा भाग सावकाश बघा. ब्रॉडवेला जायच्या आधी नाटक बाहेरगावी चालवून बघायची त्यांची पद्धत होती, आपल्या रंगीत तालमीसारखंच, पण तिकीट लावून आणि पेपरवाले पुढ्यात. तिथे परीक्षणं वाईट येतात आणि खोकल्याच्या औषधाची बाटली हळूच दिसायला लागते. त्या औषधात अल्कोहोल आहे. जॉर्जीला हे माहीत आहे, बर्नीला नाही, आणि तो तिलाच न्यूयॉर्कला परत जा म्हणून सांगतो. मला या जागी दर वेळी बर्नीला दोन लगावाव्याशा वाटतात. त्याचा स्वतःचा घटस्फोट झालाय आणि तो राग तो दुसऱ्याच्या बायकोवर काढतोय, हे त्याला कळायला फार उशीर लागतो.

ऑस्करचं भांडण माहीत असेल तर अजून मजा. केलीला याच कामासाठी ऑस्कर मिळालं आणि हरली कोण, तर 'अ स्टार इज बॉर्न' मधली जुडी गार्लंड, तिथेही दारुडा नट आणि त्याची बायको, आणि गाण्यांवर तिथेही आर्लन-गर्श्विनच! पटकथेचं ऑस्कर सीटनला मिळालं. क्रॉस्बी मात्र नटांच्या ऑस्करला मार्लन ब्रँडोपुढे हरला. गार्लंडवर अन्याय झाला असं म्हणणारे आजही भांडतात, मी त्या भांडणात गार्लंडच्या बाजूची आहे, पण 'कंट्री गर्ल' दुसऱ्यांदा बघितल्यावर माझा आवाज जरा खाली आला.

शेवटावरून घरात वाद होणार हे धरून चाला. बर्नी तिच्या प्रेमात पडलेला, फ्रँक सावरलेला आणि तिला मोकळं करायला तयार, आणि ती फ्रँकच्याच मागे जाते. आमच्याकडे मी म्हटलं मूर्ख आहे, आई म्हणाली दहा वर्षं घासूनपुसून उभा केलेला नवरा, आता जरा चकाकायला लागला तर दुसरीला का द्यायचा. भाजी तोवर निवडून झाली होती.